आधी हवा बघा

मु. पो. धसई, ता. मुरबाड, जि. ठाणे
दि. १८ एप्रिल २००४

प्रिय कुणाली,

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तू, पोटातलं बाळ आणि मामा-मामी खुशाल असाल असं धरून चालतो, कारण तू तर काही कळवत नाहीस. भातसानगरच्या ऑफिसात मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा शिपाई तुमच्या क्वार्टरपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "ताई झोपल्यात." एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. सातव्या महिन्यात झोप जास्त येते असं भिमीकाकू म्हणते, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

इकडची बातमी म्हणजे ऊन. विहिरीला पायऱ्या दिसायला लागल्या आहेत. आईचा गुडघा तसाच. गाय तुझ्याशिवाय पान्हा सोडत नाही. आई बसली की शेपूट मारते आणि मी बसलो की लाथ. काल आई तुझी जुनी साडी डोक्यावरून घेऊन धार काढायला बसली तेव्हा कुठे अर्धा तांब्या निघाला. हसू नकोस, खरं सांगतो. बरं, हसलीस तर हस.

आता कामाचं. गाडी अजून तशीच आहे.

थंड असताना एका किकमध्ये सुरू होते, जागेवर छान चालते. घराबाहेर काढून रेस दिली की मात्र फट् फट् करते, गचके खाते, मागून काळा धूर सोडते आणि चढ आला की म्हाताऱ्या बैलासारखी बसकण मारते. पेट्रोल तर पाण्यासारखं पिते. पाडव्याला मुरबाडच्या चढावर काय झालं ते तू पाहिलंच आहेस. त्या दिवसाबद्दल मी इथे लिहीत बसत नाही. डोक्यावर ऊन होतं, गाडी बंद पडली होती, माणसाच्या तोंडून चार शब्द जातात. तू फाट्यावर जाऊन धसईच्या यष्टीत बसशील असं मला वाटलं होतं. शहापूरच्या बसशील असं वाटलं नव्हतं.

लडकूच्या गॅरेजात गाडी दाखवली. त्यानं कान लावून ऐकलं, सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून काजळी काढली आणि डॉक्टरासारखा चेहरा करून म्हणाला, "इंजिन उतरवायला लागल. बोर गेलाय." मी म्हटलं, अरे, मी आयटीआयचा फिटर, कंपनीत मशीनं उघडतो, आणि माझ्याच गाडीचं इंजिन तुझ्या हातात देऊ होय! गाडी तशीच गचके खात घरी आणली. गेले पंधरा दिवस कामावरून आलो की पडवीत मी आणि ती. आई म्हणते, "बायको गेली तिच्यापाठी नाय गेला, हिच्यापाठी लागलाय."

पहिल्यांदा प्लग काढला. काळाकुट्ट, कोळशासारखा. पॉलिश पेपरनं घासला, पुसला, परत लावला. दोन दिवस बरी चालली, परत काळा. नवा प्लग टाकला, तोही काळा. मग वाटलं पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. टाकी रिकामी केली, वास घेतला, मुरबाडहून दुसऱ्या पंपाचं भरून आणलं. काही फरक नाही. मग कार्बोरेटर उतरवला. जेट फुंकून बघितला, खराट्याची काडी घालून साफ केला, सगळं परत जोडलं, एक वायसर उरला. तो कुठला ते अजून कळलेलं नाही. बरणीत ठेवलाय.

मला राग येतो तो एवढ्याचाच की ही गाडी मामांनी बारा वर्षं वापरली तेव्हा एकदाही रुसली नाही म्हणतात, आणि माझ्याकडे येऊन वर्ष झालं नाही तर ही तऱ्हा. मी मागितली नव्हती. आईनं "जावयाला काय तरी द्या" असं म्हटलं असेल, बायका म्हणतात. मामांनी स्वतःची गाडी धुऊन पुसून मांडवात उभी केली आणि स्वतः सायकलवर धरणावर जायला लागले, हे मी विसरलेलो नाही. पण दिलेली वस्तू चालायला नको का? मामांना विचार, त्यांच्या वेळी असं कधी झालं होतं का. त्यांनी काही झाकून ठेवलं असं मी म्हणत नाही.

आणि आईचं मनावर घेऊ नकोस. चोरओटीचं ती जे बोलली ते बोलली. तिसऱ्या महिन्यात माहेरी गुपचूप ओटी भरायची आणि ते तांदूळ सासरी आणून त्याच संध्याकाळी देवापुढे शिजवून पोटुशीला खायला घालायचे, ही आमच्या घरची रीत तिच्या सासूपासूनची. तिनं चुलीवर भांडं चढवून ठेवलं होतं आणि तू रिकाम्या हातानं आलीस. तिला वाटलं मामींनी भरलीच नाही. जुन्या वळणाची बाई आहे. तू "गाडीवर होतं" म्हणालीस, मग "मुरबाडला ओकारी आली तेव्हा माज्याच हातून पडली असल" म्हणालीस. दोनदा दोन सांगितल्यावर तिचा संशय वाढला. जाऊ दे. आता तो विषय नको.

कधी येतेस ते कळव. गाडी सुरू झाली की मी घ्यायला येतो, नाहीतर यष्टीनं येतो.

तुझा,
प्रणित


धसई
दि. २ मे २००४

प्रिय कुणाली,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर पाच शब्द: "बाबा म्हणतात, आधी हवा बघा." खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमन गणपुले मला म्हणाला, काय रे, सायकल पंक्चर का?

तरी मी ते कार्ड खिशात घालून दोन दिवस फिरलो. पहिल्या दिवशी रागानं. म्हटलं, मी प्लग बघितला, पेट्रोल बघितलं, जेट बघितला, टॅपेट लावले, आणि हे तिकडे धरणावर बसून सांगतात हवा बघा. दुसऱ्या दिवशी विचार केला की खरंच, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आयटीआयत पहिल्या वर्षाला शिकवतात. मी ते सोडून सगळं केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तर आता आनंदाची बातमी. गाडी झाली. एकदम झाली. काल धसईपासून मुरबाडपर्यंत एका दमात गेलो, त्या चढावर टॉपमध्ये चढली, धूर नाही, गचका नाही. लडकूच्या गॅरेजासमोर मुद्दाम उभी केली. त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. आवाज तुला ऐकवायला हवा होता. लग्नानंतर पहिल्यांदा कुलदैवताला गेलो होतो तेव्हाचा आवाज.

झालं होतं ते असं. डाव्या बाजूचं साइड कव्हर काढलं की आत हत्यारांचा कप्पा आहे आणि त्याला लागूनच एअर फिल्टरचा डबा. मी हत्यारं काढायला ते कव्हर शंभरदा उघडलं असेल, पण डबा काही खोलला नाही. काल स्क्रू काढून झाकण ओढलं. आत उंदराचं घर! हवा जाण्याचं रबरी तोंड कुरतडून साहेब आत शिरलेले. फिल्टरची चाळणी फाटलेली, लेंड्या, कचरा, आणि वर वाटीभर तांदूळ साठवलेले. इंजिनानं श्वास कुठून घ्यायचा? सगळं उपसून टाकलं, नवा फिल्टर बसवला, रबराला भोक होतं तिथे ट्यूबचा तुकडा डकवला, आणि पहिल्याच किकला गाडी बोलायला लागली.

पडवीत कणगीला लागून गाडी उभी करतो ना, तोच घोटाळा. उंदराला काय, चार पावलांवर सासर आणि माहेर. आता गाडी ओट्यावर उभी करतो.

मामांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुमचं खरं झालं. गाडीत काही खोट नव्हती. पाडव्याला मी गाडीबद्दल जे बोललो ते मागे घेतो. असं लिहायला मला जड जात नाही, लिहिलं बघ.

आता राग सोड. बघ, ओटीचं जे झालं ते झालं. तुझ्या हातून पडली असेल तर पडली. तेव्हा तुला उभं राहवत नव्हतं, हॉटेलच्या नळावर तू तोंड धूत होतीस, अशा वेळी गाठोड्याचं भान कुणाला राहतं? मी त्याबद्दल मनात काही ठेवलेलं नाही. आईलाही समजावीन. कधी कधी वस्तू हरवतात, त्यात कुणाचा दोष नसतो. बाळाला त्यानं काही होत नाही. तू रात्री उठून बसायचीस आणि पोटावर हात ठेवून "रस्त्यात पडली ती ओटी कुणी तुडवली असल का हो" असं विचारायचीस, ते मला बरं वाटायचं नाही. मी तेव्हा कूस बदलून झोपायचो, पण झोप लागायची नाही.

आईनं कुरडया घातल्या आहेत. काल चीक गरम गरम दिला आणि म्हणाली, "तिला आवडतो." म्हणजे तीही मऊ झाली आहे.

या महिन्यात सातवा संपतो. डोहाळजेवण इकडे करायचं की तिकडे ते ठरव, पण करायला हवं ना? येत्या रविवारी येऊ का घ्यायला? गाडी आता अगदी हळू चालवीन. खड्डे ओळखीचे आहेत.

पत्र लांबलं. मला कधी एवढं लिहायची सवय नाही. शाळेत निबंध अर्ध्या पानावर संपायचा.

तुझा,
प्रणित


धसई
दि. ९ मे २००४

कुणाली,

तुझं दुसरं कार्ड काल आलं. या वेळी दोन वाक्यं. "आपल्या कणगीत भात आहे. तांदूळ कुठला?"

मी ते पडवीत उभ्या उभ्या वाचलं आणि कणगीला टेकून खाली बसलो. शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, तरी लिहिताना लक्षात आलं नाही. कणगीतून उंदीर नेईल तर भात नेईल, सालासकट. गिरणीतून काढलेले तांदूळ आईच्या पत्र्याच्या डब्यात असतात, घट्ट झाकणाच्या. तिथे उंदराची डाळ शिजत नाही. दोन पानं खोटं लिहून मी एका शब्दावर सापडलो. आणि खरं सांगतो, सापडलो तेव्हा मला हलकं वाटलं.

हे पत्र तू एकटीनं वाचू नकोस. मामा-मामींना बसव आणि त्यांच्यासमोर मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नकोस.

तांदूळ मामींच्या हातचे होते. हळद लावलेले, पिवळे. फिल्टरच्या डब्यात मी "कचरा" लिहिला तो कचरा नव्हता, हिरव्या खणाच्या चिंध्या होत्या, लाल काठाच्या. उंदरिणीनं त्या कुरतडून पिल्लांसाठी मऊ अंथरूण केलं होतं. खोबऱ्याची वाटी खाऊन टाकलेली. सुपारीला दात लावून सोडून दिलेली. हळकुंड तेवढं अख्खं होतं, लाल दोरा बांधलेलं. ते या पाकिटात घातलंय. मामींनी बांधलेली गाठ मामींना ओळखू येईल.

तुझ्या हातून काही पडलं नव्हतं.

त्या दिवशी भातसानगरहून येताना तू गाठोडं मांडीवर घट्ट धरून बसली होतीस. मुरबाडच्या नाक्यावर तुला ओकारी आली, मी गाडी थांबवली, तू गाठोडं सीटवर ठेवलंस आणि हॉटेलच्या नळाकडे गेलीस. तेवढ्यात समोरच्या गॅरेजातून लडकू आला. म्हणाला, "काय जावई, सासूनं ओटी भरून पाठवलं काय? आता तुलाच डोहाळं लागायचं बाकी!" त्याच्यामागे उभे असलेले दोघं-चौघं हसले. मला लाज वाटली. बायकांचं हिरवं गाठोडं पुढ्यात घेऊन मी उभा होतो. पटकन साइड कव्हर उघडलं, पान्यांच्या शेजारी ते कोंबलं आणि कव्हर लावलं. कोंबलं हाच शब्द. आत जागा नव्हती, मी गुडघ्यानं दाबलं.

तू आलीस, डोळे मिटलेले, तोंडाला पदर. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. घरी आलो तेव्हा तू सरळ आत जाऊन पडलीस, आणि लडकू मागून मोटारसायकलवर आलाच होता, म्हसा गावच्या जत्रेला बैल बघायला चल म्हणून. मी त्याच्या मागे बसून गेलो. गाडी पडवीत कणगीला लावून.

दोन दिवसांनी आलो तेव्हा घरात महाभारत झालेलं होतं. आईनं विचारलं, "तुज्याकडं ओटीचं गाठोडं दिलं होतं का रे?" मी म्हटलं, "बायकांच्या गाठोड्याचं मला काय म्हायती?" हे बोललो तेव्हा खरंच आठवत नव्हतं. जत्रा डोक्यात होती. इथपर्यंत मी विसराळू होतो. एवढंच असतं तर मी हे पत्र हसत लिहिलं असतं.

पण मला आठवलं, कुणाली. होळीच्या आधी. गाडी पहिल्यांदा गचके खायला लागली म्हणून प्लगचा पाना घ्यायला मी कव्हर उघडलं आणि एकदम सगळं डोळ्यांसमोर आलं: नाका, लडकू, गुडघ्यानं दाबलेलं हिरवं गाठोडं. आत बघितलं तर नव्हतं. कोपऱ्यात चार-दोन पिवळे तांदूळ होते. मला वाटलं कव्हर सैल आहे, खड्ड्यात उडून पडलं असणार कुठेतरी. ते तांदूळ मी बोटानं झटकले. खाली मातीत पडले, कोंबडीनं टिपले.

तेव्हा आत जाऊन सांगायला काय झालं होतं? तू चुलीपुढे होतीस. आई सूप घेऊन बसली होती. दोन पावलं होती. मी मनात म्हटलं, आता सांगितलं तर आई म्हणेल ओटी रस्त्यात पाडलीस, पोराचा बाप होणार आणि अक्कल नाही. लडकूला कळलं तर नाक्यावर वर्षभर पुरेल एवढं होईल. आणि तसंही प्रकरण थंड होत आलंय, पुन्हा कशाला उकरा. हे सगळं मी किती पटापट ठरवलं याचंच मला आता नवल वाटतं. प्लगचा पाना हातात होता, प्लग काढायला बसलो.

त्यानंतर तू रात्री उठून बसायचीस. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला बरं वाटायचं नाही. तुझ्या शेजारी पडून मला माहीत होतं की तू पाडलेली नाहीस. तू विचारायचीस आणि मी घोरायचं सोंग करायचो.

आता पाडवा. हे वाचताना मामींनी कान झाकून घेतले तर त्यांना ऐकव. चढावर गाडी बंद पडली. तू सहा महिन्यांची, उन्हात रस्त्याच्या कडेला, आणि मी किक मारून मारून घामानं निथळलो होतो. रसवंतीपाशी माणसं बघत होती. मी तुला सगळ्यांच्या देखत म्हणालो, "बापानं भंगार गळ्यात बांधलं नि आईनं रिकामी ओटी. तुज्या घरचं एक तरी धड आहे का?" तू माझ्याकडे बघितलंस, पिशवी उचललीस आणि चालायला लागलीस.

आई बोलली तेव्हा तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. भरलेली ओटी मी माझ्या हातानं कोंबली होती, आणि तिलाच रिकामी म्हणालो. आणि ज्या गाडीला भंगार म्हणालो, तिच्या नाकातोंडात तेच तांदूळ गेले होते, म्हणून ती चढत नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, इथपर्यंत ठीक. मी तर अंगणच खणून ठेवलं होतं.

डबा उघडला तेव्हा मी एकटाच होतो. चिंधी ओढली, लाल काठ दिसला, आणि माझे हात थांबले. आत पिल्लं होती, डोळे न उघडलेली. ती सुपात घेऊन बांधावर ठेवून आलो. मग बसून काय केलं असेल? तुला पत्र लिहिलं. उंदराची गंमत लिहिली. "तुझ्या हातून पडली असेल तर पडली, मी मनात काही ठेवलेलं नाही" असं मोठ्या मनानं लिहिलं. तुला माफ केलं मी! ते पत्र जाळून टाक. नको, ठेव. मी कधी फार शहाणपणा करायला लागलो तर काढून दाखव.

काल तुझं कार्ड आल्यावर आईला सांगितलं. ती अंगणात कुरडया उलटत होती. मी हळकुंड आणि खणाची चिंधी तिच्यापुढे ठेवली.

"काय रे ह्ये? कुठं मिळालं?"

"गाडीत. कुणालीची ओटी. मीच ठेवली होती."

तिनं चिंधी उलटसुलट केली, पिवळे डाग बघितले. "कवापासून म्हायती होतं तुला?"

"होळीच्या आधीपासून."

"म्हंजे पाडव्याला म्हायती होतं."

मी मान हलवली. मला वाटलं ओरडेल, हातातली काठी फेकेल. ती नुसती बसली. कुरडया कावळ्यांनी ओढायला सुरुवात केली तरी उठली नाही. मग म्हणाली, "मंग मला का बोलू दिलंस रे? मी पानवट्यावर चार बायकांत तिच्या आयशीला उणी पाडली. पोर माज्यासमोर रडली, मी तिला लबाड म्हटलं. मला ठावं नव्हतं. तुला ठावं होतं नि तू भाकर खात होतास." आणि शेवटी, अगदी हळू, "पोटुशी होती ती."

रात्री तिनं मला वाढलं, स्वतः जेवली नाही. आज सकाळी उठून बघतो तर पत्र्याचा डबा उघडून सूप घेऊन बसलेली. यंदाचे कोलमचे तांदूळ एकेक निवडत होती, अख्खे तेवढे वेगळे काढत. मग धसईच्या बाजारात जाऊन हिरवा खण घेऊन आली. भिमीकाकूनं विचारलं, "कुणाची ओटी गो?" आई ओट्यावर उभी राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माज्या सुनंची. तिच्या आयशीनं भरली होती, ती माज्या पोरानं घालवली. आता मी तिच्या माहेरी जाऊन भरणार हाय." चोरओटी गुपचूप भरायची असते. ही मात्र साऱ्या गावाला सांगून चालली आहे.

येत्या रविवारी ती येईल. मी म्हटलं, गाडीवर चल, आता मस्त चालते. ती म्हणाली, "मी यष्टीनं जाईन. तुज्या गाडीवर काय ठेवायचा मला इस्वास नाय." मुरबाडहून शहापूर आणि शहापूरहून भातसानगर, दोन यष्ट्या, दुखरा गुडघा, गाठोडं मांडीवर. मी यष्टीच्या मागे मागे येईन.

आईला आत घ्या. तिला पाणी द्या. तिचं चुकलं ते माझ्यामुळे.

मी कॉलनीच्या गेटाबाहेर थांबेन. इंजिन बंद करणार नाही. मामांना आवाज ओळखू येईल, बारा वर्षं त्यांनी ऐकलाय. त्यांना सांग, हवा बघितली. त्यांच्या गाडीत खोट नव्हती हे मी आता लिहितोय ते मोठेपणा म्हणून नाही. तू खिडकीत येऊन खूण केलीस तर आत येईन आणि मामींच्या पायावर डोकं ठेवीन. केली नाहीस तरी रागावणार नाही. यष्टीची वेळ होईपर्यंत थांबेन, मग किल्ली वॉचमनकडे देईन आणि गाडी मामांची मामांना ठेवून आईबरोबर परत जाईन. मामांना सायकलवर धरणाचा चढ चढायला लावणारा मीच होतो.

तू काय करायचं ते माझ्याकडे बघून ठरवू नकोस. डोहाळजेवण, बाळंतपण, पुढचं सगळं तू म्हणशील तसं.

आणि रात्री उठून बसलीस तर पोटावर हात ठेवून त्याला सांग. तुझी ओटी आयशीनं पाडली नव्हती. ती भरलेली होती. ती बापानं दडवली.

त्याचा बाप,
प्रणित